पॅरिसहून आलेला कोरडा टॉवेल

मित्रांनो, मी एक टॉवेल आहे. वयाने आता जुना म्हणायला हरकत नाही. पण माझ्या आयुष्याचा मोठा भाग पाण्याचा एक थेंबही न चाखता गेला. पाणी न पाहिलेला टॉवेल म्हणजे कधी वर्गावरच न गेलेला मास्तर. हुद्दा आहे, पण बोटाला खडू लागलेला नाही.

माझा रंग मोरपिशी. दोन्ही टोकांना पांढऱ्या लाटांचा पट्टा. हा पट्टा ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात, यंत्रमागाच्या खडखडाटात माझा जन्म झाला. तेव्हा मी एका लांबलचक कापडाचा भाग होतो आणि माझा भाऊ मला चिकटून होता. मग आमच्या मधून कात्री फिरली. काठ शिवून झाले आणि आम्हाला तपासणीच्या टेबलावर अंबुबाईंपुढे टाकण्यात आले. अंबुबाई कुंभारीहून कामाला यायच्या. त्यांचे हात टॉवेलवर असायचे आणि तोंड शेजारणीकडे. भावाच्या अंगावरून फिरताना त्यांचा हात थबकला. एका कोपऱ्यात धागा ओढला गेला होता.

"ह्यो सेकंडात," असे म्हणून त्यांनी भावाला डावीकडच्या, खोट असलेल्या मालाच्या ढिगावर भिरकावले. मला उलटसुलट करून पाहिले. "ह्यो मातर नशिबाचा हाय. सायबाच्या देशाला जाईल."

"आन आपण गं?" शेजारीण म्हणाली.

"आपण कुटं जातोय? कुंभारीची बस गावली तरी लई झालं."

दोघी हसल्या. मी मात्र ताठ झालो. डाव्या ढिगातल्या भावाची मला कीव आली. तो आता कुठल्यातरी मोरीत लटकणार आणि मी जग पाहणार!

मित्रांनो, मी जग पाहिले ते असे: आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग खोके, मग लोखंडी कंटेनर. समुद्र ओलांडला, पण समुद्र दिसला नाही. शेवटी पॅरिसच्या एका झगमगीत दुकानात मला फीत बांधून मांडले. माझ्या काठाला त्या दुकानाने आपल्या नावाची पट्टी शिवून टाकली. जन्मगाव कुणी विचारले नाही. लोक यायचे, माझ्यावरून हात फिरवायचे, कौतुकाचा आवाज काढायचे आणि शेजारचा पांढरा टॉवेल घेऊन जायचे.

एके दिवशी कानावर शब्द पडले, "अहो, इकडं बघा की!"

माझा धागा न् धागा उभा राहिला. त्या लीलाबाई होत्या. सोलापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलाने, अनीशने, हौसेने आईवडिलांना सहलीला पाठवले होते. सहलीच्या माणसाने सगळ्यांना बाजाराच्या रस्त्यावर मोकळे सोडले होते आणि लोक पिशव्या भरत सुटले होते. लीलाबाईंचीही बहुतेक खरेदी झाली होती. शेजारपाजाऱ्यांना किल्लीला लटकवायचे मनोरे, पोरांना चॉकलेट. अडले होते ते एकाच माणसापाशी. गिरिजाबाईंपाशी.

गिरिजाबाई म्हणजे लीलाबाईंची थोरली जाऊ. एकाच घरात त्या खाली राहायच्या, लीलाबाई वर. निघताना जिन्यात उभ्या राहून त्यांनी बजावले होते, "माझ्यासाठी काही आणू नकोस गं बाई. शेपू आण म्हटलं तर तू चंदनबटवा आणतेस, पॅरिसमधनं काय आणशील देव जाणे."

'काही आणू नकोस' या वाक्याचा अर्थ कुठल्याही धाकट्या जावेला विचारा. आण, चुकीचे आण, मग बघते तुझ्याकडे!

"अत्तर घे की," यजमान एकनाथराव म्हणाले. ते प्रत्येक किमतीचा मनात गुणाकार करत होते आणि वस्तू सापाला हात लागल्यासारखी खाली ठेवत होते.

"अक्कांना शिंका येतात. उदबत्तीसुद्धा अंगणात लावतात त्या."

"मग ही पर्स?"

"चामड्याची? उंबरा ओलांडू देतील का?"

"चॉकलेट?"

"साखर आहे त्यांना. म्हणतील, लीला माझ्या जिवावर उठली."

"बरं, स्कार्फ तरी?"

"गळ्यात फडकं बांधून मी काय ऊसतोडीला जाऊ, असं विचारतील. मग काय सांगू?"

एकनाथरावांनी हात टेकले. आणि लीलाबाईंनी टेकला माझ्यावर. तो तिथेच राहिला.

"अहो, हा बघा. हाताला किती ओळखीचा लागतो!"

"टॉवेल? सोलापूरला टॉवेल नेतेस? नागपूरला संत्री घेऊन जा मग."

"सोलापूरचा कुठं आहे हा? नाव बघा की शिवलेलं. आणि अक्कांचे केस अजून कमरेइतके आहेत. लवकर वाळत नाहीत, मग सर्दी धरते. हा पाणी कसं ओढून घेईल बघा."

मला ओरडून सांगावेसे वाटले, बाई, मी तुमच्याच गावचा! पण कापडाला तोंड नसते. आणि खरे सांगायचे तर मला घरी जायचे होते.

मी घरी आलो. गिरिजाबाईंनी फीत सोडली. माझ्यावरून हात फिरवला. पांढऱ्या लाटांच्या पट्ट्यापाशी त्यांचे बोट थांबले. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले, एकवार लीलाबाईंकडे. लीलाबाई परीक्षेचा निकाल ऐकायला उभे राहावे तशा उभ्या होत्या.

"बरा आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "जन्मात एकदा तरी तुला काय आणायचं ते कळलं."

लीलाबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटले, आता माझेही भाग्य उजळणार. आज नाही तर उद्या न्हाणीघर! पण गिरिजाबाईंनी माझी पुन्हा घडी घातली, बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मला ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली सिद्धेश्वराच्या तसबिरीमागे टाकली.

"अक्का, वापरा की," लीलाबाई म्हणाल्या.

"परदेशी वस्तू आहे. वापरून तिचं मातेरं करू काय?"

झाले. त्या कपाटात मला सोबत होती ती शिंपल्यांच्या बाहुलीची, मातीच्या आंब्यांची आणि घोड्याचा पाय मोडलेल्या पितळी टांग्याची. सगळेच जन्मठेपेचे. आंब्यांना कुणी चावले नव्हते, टांगा कधी पळाला नव्हता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. समोर खुर्चीवर माणूस येऊन बसे, त्याच्या कपाळावरून घाम ओघळे, तो शर्टाच्या बाहीने पुसे. आणि मी हातभर अंतरावर, काचेआड, घडी घालून गप्प. तहानलेल्याला विहिरीच्या काठावर बांधून ठेवावे तसे माझे झाले होते. दिवाळ्या गेल्या. माझ्या घडीवर धुळीची रेघ उमटली.

एवढे मात्र खरे, की समोरच्या घरातल्या चंद्रव्वा आल्या की गिरिजाबाई बोट दाखवून म्हणत, "आमच्या लीलानं आणलाय. थेट पॅरिसहून." चंद्रव्वा काचेला नाक लावत. जिन्यात थबकलेल्या लीलाबाई हे ऐकत आणि पदराआड हसत. सबंध संसारात त्या जिन्याने गिरिजाबाईंच्या तोंडून लीलाबाईंची स्तुती कधी ऐकली नव्हती. जमेच्या बाजूला तेवढीच एक नोंद, आणि ती माझ्या नावावर.

मग गिरिजाबाईंच्या नातीचे, श्रावणीचे लग्न ठरले. दुधनीचे स्थळ. आहेराची खरेदी सुरू झाली. एका दुपारी लीलाबाई बाजारातून आल्या त्या धापा टाकत. खोलीत एकनाथरावांखेरीज कुणी नव्हते.

"अहो, घात झाला," त्या कुजबुजल्या. "सेकंड मालाच्या दुकानात ढीग लागलाय. हाच रंग. ह्याच लाटा. दुकानदार म्हणतो, घ्या की ताई, हितलाच माल हाय, फॉरिनला जातोय!"

एकनाथरावांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांना हसू आवरेना. "म्हणजे तो आपला, जाऊन परत आला?"

"हसताय काय? अक्का गावभर सांगत सुटल्यात. कळलं तर त्यांचं तोंड कसं होईल? आणि माझं?"

"पण कळणार कसं? कुलपात आहे तो."

त्या दिवसापासून, मित्रांनो, मी एकटाच कोंडलेला राहिलो नाही. लीलाबाईही माझ्याबरोबर कपाटात आल्या. गिरिजाबाई माझे कौतुक करू लागल्या की त्या वर पळत. कुणी काचेजवळ गेले की त्यांचा जीव खालीवर होई.

आणि एके संध्याकाळी सगळे बसले असताना श्रावणी म्हणाली, "आजी, सगळ्या पाहुण्यांना आपण टॉवेल-टोपी देणारच की. मग त्यांच्या आजोबांना हा पॅरिसचा देऊ या. मांडवात नाव होईल!"

तिचे आजेसासरे मडिवाळप्पा. दुधनीत त्यांचे कापडाचे दुकान. कापड दिसले की आधी उलगडायचे, चिमटीत धरायचे, मग नमस्कार करायचा, अशी त्यांची ख्याती. लीलाबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि कपाटाकडे पाहिले.

"नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "तो कुणाला द्यायचा नाही."

"आजी, नुसता सडतोय तो तिथं."

"सडू दे."

"अगबाई, एका टॉवेलसाठी एवढं काय वं?" चंद्रव्वांनी संधी साधली. "कंजूषपणाला पण काय हिशेब?"

"माझ्या लग्नापेक्षा टॉवेल मोठा झाला काय तुला?" श्रावणीचे डोळे भरून आले.

गिरिजाबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बघू."

त्या 'बघू'ने लीलाबाईंची झोप उडवली.

दुसऱ्या दिवशी सगळे पत्रिका वाटायला बाहेर गेले. गिरिजाबाई न्हाणीघरात होत्या. आतून तांब्याचा आवाज येत होता. लीलाबाई जिना उतरल्या. चोरपावलांनी तसबिरीमागची किल्ली काढली. कुलूप उघडले. इतक्या काळाने हवा लागली तशी मला शिंकच येणार होती! त्यांनी मला छातीशी धरले, पदराखाली घेतले आणि वळल्या.

दारात गिरिजाबाई उभ्या होत्या. नुकत्याच न्हालेल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मोरपिशी, पण धुऊन धुऊन आभाळाच्या रंगाला गेलेला. कपाळावर पांढऱ्या लाटांचा पट्टा. आणि कानामागे, कोपऱ्यात, ओढला गेलेला धागा.

मी माझ्या भावाला ओळखले.

लीलाबाई दचकल्या. पदर सुटला आणि मी दिसलो. दोघी जावा, दोघे भाऊ.

"अक्का," लीलाबाईंना रडू फुटले, "मी फसले हो. हा हितलाच आहे. तिकडच्या दुकानात मला कळलंच नाही. तो म्हातारा मांडवात उलगडून बघेल आणि तुमचं हसं होईल, म्हणून..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू फीत सोडायला दिलीस तेव्हापासून. हा माझ्या मोरीत त्याच्या आधीपासनं आहे. सेकंडात घेतलेला. त्या दिवशी घाईघाईनं दोरीवरनं काढला आणि आत नेला. तेव्हापासनं घरातच वाळवते, मेल्याला वास लागला ओलीचा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू तिकडं एवढ्या मोठ्या बाजारात उभं राहून माझ्या शिंका आठवल्यास, साखर आठवलीस, केस आठवलेस. भाऊजींनीच सांगितलं मला. ते काय सेकंडातलं होतं?" गिरिजाबाई खुर्चीवर टेकल्या. "गल्लीला कळलं असतं तर वर्षभर तुला हसले असते. मी हसले तर चालतंय, मी जाऊ आहे तुझी. गल्लीनं का हसावं? म्हणून कुलूप घातलं. कुणी हात लावायला नको, उलगडायला नको."

लीलाबाई एकदा हातातल्या माझ्याकडे, एकदा डोक्यावरच्या भावाकडे बघत राहिल्या.

"आता बघत काय बसलीस? हा भिजून गच्च झालाय. तो कोरडा आण इकडं. पूस की केस, सर्दी धरेल मला."

गिरिजाबाईंनी भावाला डोक्यावरून सोडवले. कमरेइतके पांढरे केस मोकळे झाले. आणि लीलाबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा, मला पुरते उलगडले.

मित्रांनो, पहिल्या पाण्याचे वर्णन मला जमणार नाही. त्याला शिकेकाईचा वास होता. एवढेच सांगतो, की त्या क्षणी मी टॉवेल झालो.

मडिवाळप्पांना मांडवात सोलापुरी चादर दिली. त्यांनी ती उलगडली, चिमटीत धरली आणि मान डोलावली. श्रावणीला खरे काय ते आजीने कानात सांगितले. ती हसून हसून घामाघूम झाली.

लग्नानंतर चंद्रव्वांना कपाटातली माझी जागा रिकामी दिसली. "पॅरिसचा टॉवेल कुठाय वं?"

"मागं दोरीवर," गिरिजाबाई म्हणाल्या. "दोन आहेत. तूच ओळख कुठला तो."

माझ्या काठावरची त्या दुकानाच्या नावाची पट्टी लीलाबाईंनी केव्हाच उसवली होती. चंद्रव्वांनी दोघांना चाचपले, वास घेतला, आणि माझ्या भावाला हातात धरले. "ह्योच की! बघा कसा मऊ पडलाय. फॉरिनचा माल वेगळाच असतोय." दोघी जावा एकमेकींना धरून हसल्या. जन्मभर सेकंडात काढलेला माझा भाऊ त्या दिवशी वाऱ्याने असा फुगला की चिमटा निघायची वेळ आली. मला राग आला नाही. माझ्या काठातून तेव्हा पाणी ठिबकत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी काचेआड कुणीतरी घडी घालून बसले असेल. एखादा कपांचा संच, एखादी शाल, एखादा नवा कोरा टॉवेल. त्याला बाहेर काढा, वापरा, मळवा, धुवा. झिजणे आम्हाला दुखत नाही. कोरडे राहणे दुखते. आणि हो, कुलूप काढताना ते लावणाऱ्याला लगेच कंजूष म्हणू नका. त्याने आत कुणाला जपले आहे, हे आधी विचारा.

आता पुरे. न्हाणीघरात बादली भरू लागली आहे. आज अक्कांचा केस धुण्याचा वार आहे.