अर्ध्या मापाचा केक

"मीठ घातलं ना, की पाणी उशिरा उकळतं. माहितीय आई तुला?"

एक बूट काढलेला, एक पायातच, अशी लेक दारात उभी राहून मला विचारत होती.

"माहितीय. बी.एस्सी. झालेय मी."

"मावशीने करून दाखवलं. दोन पातेली घेतली आणि..." माझ्याकडे बघून ती थांबली आणि दुसरा बूट काढायला खाली वाकली.

मावशी म्हणजे माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची आताची बायको. खरं तर मावशी ही आईची बहीण असते, आणि मला बहीण नाही. पण हाक तरी काय मारणार, म्हणून तो शब्द चालू झाला आणि राहिला.

लेकीला सोडायला आलेला तिचा बाबा जिन्यातच घुटमळत होता.

"अगं, बुधवारीही राहू दे ना तिला आमच्याकडे. स्वयंपाक करता करता शिकते, तर गणिताची भीती गेलीय बघ तिची. चाचणी तोंडावर आलीय."

"बघते," मी म्हणाले आणि दार लावलं. जरा जोरातच.

शनिवार-रविवार त्यांचे होतेच. आता बुधवार. मग हळूहळू आठवड्यातले किती वार माझे उरतील, याचा हिशेब मी कपड्यांच्या घड्या घालताना करत बसले. माझ्या टेबलावर अपूर्णांक म्हटले की रडारड ठरलेली. रंगीत चित्रांच्या कार्यपुस्तिका आणल्या, तर तिने त्यातल्या सशांना मिशा काढल्या. तिकडे मात्र तीच पोरगी लोणी तोलून दशांश चिन्ह शिकत होती आणि पाव फुगण्यावरून विज्ञान. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आणि चुकलं की काय करते गं तुझी मावशी?"

"काही नाही. हसते."

हसते! दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून, लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवून घरी आल्यावर मलाही हसता आलं असतं, घरी कुणी माझ्यासाठी भाजी चिरून ठेवत असतं तर. रविवारी लेकीच्या केसांना व्हॅनिलाचा वास यायचा. मी त्या रात्रीच तिला न्हाऊ घालायचे.

हल्ली मात्र ती तिकडचं फारसं सांगेनाशी झाली होती. "काय केलंत?" तर "नेहमीचंच." नवलाई ओसरली, असं मी समजत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकात एक बसणारे दोन चौकोनी टिन आणले, व्हॅनिलाची बाटली आणली, मैदा चाळून ठेवला. लेक शाळेतून आली तेव्हा मी अॅप्रन बांधून तयार.

"आज आपण केक करायचा. आणि गणितही."

तिने दप्तर खाली ठेवलं. "तू? केक?"

"का? मला हात नाहीत?"

"तसं नाही गं," ती म्हणाली आणि पटकन स्टुलावर चढली.

"कृती मोठ्या टिनची आहे. आपण दोघीच, म्हणून सगळं अर्धं. पाऊण वाटीचं अर्धं किती?"

तिने पुटपुटून उत्तर दिलं, बरोबर दिलं. लोण्याचं, साखरेचं, सगळंच बरोबर. मी प्रत्येक वेळी "शाब्बास" म्हणत होते. माझ्यामुळेच येत होतं जसं काही.

"आता टिन. मोठ्याच्या निम्म्या रुंदीचा हा छोटा. अर्धं मिश्रण, अर्धा टिन. हो की नाही?"

तिने टिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली.

टिन काठोकाठ भरला. ओव्हनमध्ये ठेवल्यावर थोड्याच वेळात मिश्रण काठावरून उतू गेलं, जाळीतून खाली पडलं आणि करपू लागलं. घरभर धूर झाला. मी खिडक्या उघडल्या, ओव्हन बंद केला, टिन बाहेर काढला. कडा काळ्या, मध्ये कच्चं.

लेकीने काळ्या कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मस्त लागतंय."

त्या "मस्त"नेच मला शंका आली.

"तुला माहीत होतं? हे उतू जाणार म्हणून?"

तिने आणखी एक तुकडा मोडला.

"बोल ना."

"छोटा टिन अर्धा नसतो, पाव असतो." तिने मोठा टिन ओढला आणि बोटानेच त्याच्या तळावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. "बघ, असे चार बसतात. लांबी पण निम्मी होते ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मावशीने शिकवलेलं होतं ते."

"म्हणून काय झालं?"

"मावशीचं काही सांगितलं की तू भांडी आपटतेस," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. रस्त्यात खड्डा आहे, बाजूने चाल, असं सांगावं तसं.

म्हणजे नवलाई वगैरे काही ओसरलं नव्हतं. माझी लेक मला सांभाळत होती.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "बुधवारी जायचंय तुला?"

ती टिनच्या कडेचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत राहिली.

"जायचं असेल तर जा. मी बाबाला फोन करते. खरंच."

"आणि तू? जेवशील ना नीट?"

"जेवेन की. न जेवायला काय झालं?"

तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. स्टुलावरून उतरून तिने फ्रिज उघडला, आणि उद्या मला पुरेल असं आत काय काय आहे, ते झाकणं उचलून बघत उभी राहिली.