सदतीस अंश

आतड्याच्या दाहाने बाबा गेले, त्याला चार महिने झाले होते. प्रयोगशाळेत ठेवलेला त्यांचा नमुना नष्ट करावा, अशा फॉर्मवर सही करायला मी गेले होते.

"आधी एकदा बघता का?" संशोधक बाई म्हणाल्या.

काचेच्या पेटीतल्या बाटलीत बाबांच्या पोटातले जिवाणू वाढत होते. हा आजार वेळेत ओळखता येईल अशी एखाद्या रेणूची खूण बाई त्या जिवाणूंमध्ये शोधत होत्या. त्यासाठी अजून आठवडाभर ते जगायला हवे होते.

"भारी नखरे हो यांचे," त्या हसल्या. "खायला द्यायची वेळ टळली, की रुसतात."

मी काचेवर हात ठेवला. शेवटच्या दिवशी बाबांचा हात माझ्या हातात गार होत गेला होता. काच कोमट होती.

"सदतीस अंश. अंगाइतकीच ऊब," बाईंनी सांगितलं.

तेवढ्यात बाटलीचं झाकण आतून टकटक वाजलं.

"गॅस साठला की वाजतं," त्या म्हणाल्या.

जेवायला उशीर झाला की बाबा ताटावर बोटाने अशीच टकटक करायचे.

मी फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"त्यांना आधी वाढा," मी म्हणाले.