आप्पारावच्या न्हाणीतला दगड

बारवगल्लीत चाळीस घरं होती. एकोणचाळीस पाडली, उरलं ते नगरसेवक आप्पारावचं. गल्लीखाली जुनं देऊळ गाडलंय असं खोदकामवाल्यांना कळलं, तेव्हा मोजणीच्या दिवशी आप्पाराव स्वतः बोट दाखवत दारोदार फिरला. आपल्या दारापाशी आल्यावर म्हणाला, इथं खाली नुसता मुरूम आहे, पाया काढताना बापानं पाहिलंय. पाडकामाची चुन्याची रेघ तिथून वळली.

चतुराबाईच्या चुलीवरून मात्र ती सरळ गेली. चतुराबाई गल्लीची सुईण, सत्तरी उलटलेली. आता घाटनांदूरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडात राहायची. दुपारी पत्रा तापला की तिच्या तोंडी ओवी यायची,

पांढरी चुन्याची रेघ माझ्या उंबऱ्यावरून
सरकारी पाव्हना आला, गेला घर घेऊन

शेजारच्या वनमालानं विचारलं, आत्या, तू रडत कावून न्हाईस? चतुराबाई म्हणाली, रडाया सवड कुठंय बाई, मी आठवायलेय.

तिला आठवत होती बावन्न वर्षांपूर्वीची सकाळ. आप्पारावच्या आईची सुटका झाली होती. बाळंतीण न्हाते त्या न्हाणीतच बाळाची वार पुरायची, असा रिवाज. मडक्यात हळद-कुंकू, सुपारी, तांब्याचा पैसा घालायचा आणि खड्डा सुईणीनंच खणायचा. हातभर खाली तिच्या पहारीला दगड लागला. माती पुसली, तर देवीचा चेहरा. कानात झुबे, ओठावर हसू. तिनं आप्पारावच्या बापाला बोलावून दाखवला. तो हात जोडून म्हणाला, चतुरे, झाक. सरकारला कळलं तर घर जाईल.

तिनं देवीच्या कपाळावर मडकं टेकवलं नि माती लोटली. सुईणीनं घरातलं घरातच ठेवायचं असतं. पोटच्या लेकीलाही ती कधी बोलली नव्हती.

खोदकाम आप्पारावच्या भिंतीपाशी आलं, तसा तो लुगडं घेऊन शेडात आला. बाप मरताना त्याला सगळं सांगून गेला होता. जमिनीवर बसला, पाय धरले.

"माय, तूच मला ह्या जगात आणलंस. आता माझं घर राख."

"मोजणीला मी तुझे पाय धरलेते, तवा काय म्हनलास?"

आप्पारावनं पाय सोडले.

"म्हातारे, देवाच्या डोक्यावर किती दिवस चूल पेटवशील, असं म्हनलास. चारचौघांत. आरं, तू तर बावन्न वर्सं देवीच्या डोक्यावर अंघोळ करायलास."

त्यानं लुगडं पुढं सरकवलं. तिनं ते घडीसकट त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती खोदकामाच्या मॅडमना घेऊन आप्पारावच्या दारात उभी राहिली. चार दिवस कागद फिरले. पाचव्या दिवशी न्हाणीची फरशी निघाली. खोदायला रोजंदारीवर बारवगल्लीचीच माणसं होती. त्यांच्या टिकावाला त्या दिवशी वेगळाच जोर होता. आधी मडकं निघालं. मॅडमनी कुंच्यानं माती झाडली आणि हळूच विचारलं, "आजी, हे कुठल्या काळातलं असेल?"

"आप्पारावच्या," चतुराबाई म्हणाली. "ह्यो काय, उभा हाय न्हवं."

माणसं हसली. एकोणचाळीस घरांचं हसू होतं ते, फार दिवस दाबलेलं. मग खाली झुबे दिसले, ओठ दिसले, आणि टिकाव बाजूला ठेवले गेले. मॅडम मातीत गुडघे टेकून बसल्या.

संध्याकाळी चुन्याची पाटी आली. चतुराबाईनं गड्याच्या हातातून ती काढून घेतली आणि वाकून, मूठमूठ सोडत, आप्पारावच्या घराभोवती रेघ ओढली. कोपऱ्यावरसुद्धा रेघ वाकडी झाली नाही. आप्पारावची बायको छबुबाई ओसरीवर हंडे-कळश्या काढत होती. तिच्याकडे चतुराबाईनं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित हात थांबला असता.

रेघेची दोन्ही टोकं जुळल्यावर तिनं मडकं उचललं आणि आप्पारावच्या ओंजळीत दिलं. आत काळी माती, वाळकी सुपारी नि हिरवा पडलेला पैसा.

"नव्या घराच्या न्हानीत पूर," ती म्हणाली. "खड्डा तुझा तू खन."