मिशी आणि दोन टाके

पैज लागली ती सलूनवाल्याच्या वजनावरून.

वेल्डर दुकानासमोर जीपच्या मागच्या बंपरशी झटत बसला होता. जीप गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. जिथे रस्ता संपतो तिथून बाईंचं काम सुरू व्हायचं. त्यामुळे त्यांना बंपरवर डिझेलच्या कॅनसाठी जाळी हवी होती, गाडी रुतली तर ओढायला हूक हवा होता आणि चिखलाचे बूट काढायला बसता येईल अशी घडीची फळी. जाळी आणि हूक झाले होते. फळीचा डावा ब्रॅकेट पक्का वेल्ड झाला होता, उजवा दोन टाके मारून नुसता धरून ठेवला होता. तेवढ्यात समोरचा सलूनवाला कंगवा हातात घेऊन बाहेर आला.

"यावर कोण बसणार? चिमणी?"

"तू बस. सगळ्या स्पीडब्रेकरवरून गल्लीच्या टोकाला नेतो."

"मला?" सलूनवाल्याने स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बरीच वर्षं तो वजनकाट्यावर चढला नव्हता, काट्याची दया येऊन. "आणि तुटली तर?"

"तर ही मिशी तुझी."

शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं. वेल्डर आरशात आधी मिशी बघायचा, मग तोंड. ठिणग्यांनी तिची टोकं जळायची, तो मेण लावून पुन्हा पीळ द्यायचा. घरभर जळक्या केसांचा वास. बायको म्हणाली होती, "मिशी काढा नाहीतर उशी वेगळी करा." त्याने उशी वेगळी केली होती.

"नाही तुटली तर तुझा गोटा," वेल्डर म्हणाला, "तुझ्याच खुर्चीत, माझ्या हातून."

सलूनवाल्याच्या डोक्यावरचा कुरळा कोंबडा म्हणजे त्याच्या दुकानाची पाटीच. तरी त्याने हात पुढे केला. शिंप्याने हातावर हात मारून साक्ष दिली. मग चहा झाला, अटींवर वाद झाला, आणि वेल्डर फळीचे नटबोल्ट आणायला गेला तो तिथेही पैज रंगवून सांगत बसला. परतला तेव्हा बायकोने सगळ्याला काळा रंग मारून ठेवला होता. दुकान दोघांचं होतं. गेट नि खिडक्यांचे गज ती करायची, गाड्या तो.

दुसऱ्या दिवशी फळी बसली आणि फळीवर सलूनवाला. डॉक्टरीणबाईंनी जीप मुंगीच्या चालीने काढली. मागून अख्खी गल्ली. मिशीला ताजा पीळ देऊन वेल्डर फळीच्या बाजूने चालत होता.

पहिल्या स्पीडब्रेकरवर फळी कुरकुरली.

"अरे, ही काहीतरी बोलतेय."

"बोलू दे. तुझ्यापेक्षा कमीच बोलते."

लोक हसले. वेल्डरही हसणार होता, पण त्याची नजर उजव्या ब्रॅकेटवर गेली आणि हसू तिथेच अडकलं. हा पक्का केला कधी? आधी टाके मारले. मग पैज. मग चहा. मग नटबोल्ट. मग तर रंगच.

पुढे गटाराजवळचा उंचवटा दिसत होता. तिथे सायकलवालेसुद्धा खाली उतरायचे. दोन टाके तग धरतीलही. गप्प बसलं तर मिशी शाबूत. नाही धरले तर हा गडी पाठीवर आपटणार, आणि दिवसभर उभं राहून पोट भरणारा माणूस कंबर मोडल्यावर काय करणार? त्याने बायकोकडे पाहिलं. ती कुणाच्या तरी गॅलरीतली कुंडी निरखत होती.

"मॅडम, थांबा." जीप थांबली. "उतर रे. उजवीकडे नुसते दोन टाके आहेत. विसरलो मी. हरलो."

सलूनवाला उतरला. आधी त्याने आपला कोंबडा चाचपला. मग म्हणाला, "पडू दिलं नाहीस, उपकार झाले. पण हरलो म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलंय."

"म्हणालो ना. आण खुर्ची."

खुर्ची रस्त्यात आली. एरवी दाढी करताना जगाच्या उचापती सांगणारा सलूनवाला आज नुसता फेस फिरवत होता. एवढी वर्षं समोरून बघितलेली मिशी. हात जरा जपूनच चालत होता. डावी बाजू उतरली.

डॉक्टरीणबाई वेल्डरच्या बायकोला म्हणाल्या, "मग तेवढं पक्कं करून द्याल ना?"

"पक्कंच आहे, मॅडम. रंगाच्या आधी मीच पुरा वेल्ड मारला."

शिंप्याने किल्लीने रंग खरडला. खाली वेल्डची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती.

वेल्डर फेसासकट वळला. "अगं, मग सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? शिवाय पैज तुमची. मी कशाला मध्ये पडू?"

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला होता. "आता काय करू, मालक?"

वेल्डरने आरसा मागून घेतला. एका बाजूला पीळ, दुसऱ्या बाजूला ओठ. त्याने आरसा मांडीवर पालथा घातला.

"काढ."

उजवी बाजूही उतरली. बायकोने ती नीट उतरेपर्यंत पाहिलं, मग काळ्या रंगाचा डबा उचलला.

"उशी परत आणून ठेवते," ती म्हणाली आणि खरडलेल्या जागी रंग मारायला गेली.