ओठांत धरलेला डोळा

शालूचं लग्न झालं ते साल १९६३. वैशाखात मांडव उतरला आणि त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर वरूडजवळच्या खुशालरावांच्या बगीच्यात टांगानिकाचा पाहुणा आला. शालूचा बाप देवमन त्या बगीच्यात संत्र्याची कलमं बांधायचा. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून होते, म्हणून देवमनाच्या घरात ते साल कोणी विसरलं नाही.

टांगानिका आफ्रिकेत आहे, दोन वर्षांपूर्वीच गोऱ्यांच्या हातून सुटलाय, एवढं अकोल्याच्या भगवंतराव साहेबांनी सांगितलं. साहेब शेती खात्यात होते. दिल्ली सरकारनं त्या देशाला शब्द दिला होता की संत्र्याच्या काड्या आम्ही देऊ, कलम बांधायचा हात आम्ही शिकवू, आणि त्याचा मोबदला घेणार नाही. काड्या न्यायला आणि हात शिकायला एलियास आला होता. पस्तिशीचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. जानेवारीच्या पाच तारखेला मुंबईहून त्याची बोट होती. तोवर त्याच्या हातचं एक तरी कलम जगायला हवं होतं, नाहीतर त्याचं सरकार दुसऱ्या देशाचं दार ठोठावणार होतं.

"आपल्या देशाची अब्रू आहे, देवमन," साहेब म्हणाले.

देवमनाची छाती फुगली. सात वर्षांआधी नागपूरला जाऊन त्यानं बुद्धाचा धम्म घेतला, त्या दिवसानंतर असं कोणी त्याला 'आपल्या देशाची' म्हणून काही सांगितलं नव्हतं.

काम तसं दिसायला सोपं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरायची. संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो भाग, नखाएवढ्या सालीसकट काढायचा. तो त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधायचा. देवमनाच्या हातचे शंभरातले नव्वद डोळे जगत. त्याचं एक मर्म होतं आणि ते त्यानं बापाकडून घेतलं होतं. काढलेला डोळा चीर तयार होईस्तोवर ओठांत धरायचा. ओठांत तो सुकत नाही आणि भिजतही नाही.

हे मर्म त्यानं मालकाला कधी दाखवलं नव्हतं. ज्या मालकाच्या विहिरीवर त्याच्या बापाला वरून पाणी वाढत, त्या मालकाच्या बगीच्यातलं एकेक झाड बापलेकांच्या तोंडातून निघालेलं होतं! बाप धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, तोंड करून बसायचा आणि देवमनही तसाच बसायचा, तोंडावर दुपट्टा ओढून. विचारलं की म्हणायचा, धूळ लागते.

पाहुण्यापुढे मात्र समोरासमोर बसणं आलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला खुशालराव. देवमनानं गडबडीत वाटीभर पाणी मागितलं आणि डोळा पाण्यात टाकला. एलियासनंही तसंच केलं. मग देवमनानं साल चिरायची आणि एलियासनं डोळा बसवून बांधायचा, असे दोघांनी मिळून चाळीस डोळे भरले.

एकविसाव्या दिवशी सोपट सोडलं. चाळीसच्या चाळीस डोळे काळे पडले होते. सालीत पाणी शिरून सडले होते.

खुशालराव रोपांमधून फिरले आणि म्हणाले, "देवमनच्या हातचे कधी मरत नाईत. या पावण्याचा हातच जड हाय. त्याच्यानं नाई होत."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही, पण एलियासला सूर कळला. तो आपल्या हातांकडे पाहून हळूच काही बोलला. साहेबांनी सांगितलं, "तो म्हणतो, आमच्याकडे घायपाताच्या मळ्यांतले गोरे साहेबही हेच म्हणायचे. तुमचे हात फक्त कापायला आणि वाहायला."

 देवमनाला वाटलं, आपल्या गालावर कोणी मारलं.

घरी आला तर जेवणही गेलं नाही. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं पाहिलं. "अवो शालूचे बाप, काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. पाण्याची वाटीसुद्धा.

"मंग खरं काहून नाई दाखवलं?"

"तुले काय सांगू? मालकाले कळलं तं उद्यापासून बगीच्यात पाय ठेवू देईल का? सारी झाडं आपल्या उष्ट्याची हायेत."

केशरबाईनं हातातली भाकर परातीत टाकली. "नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, आन् भेव घरीच ठेवून आले होते का? तो बिचारा समुद्र ओलांडून आला, आन् तुमच्या पायी त्याच्या हाताले नाव ठेवून राहिले लोक!"

सकाळी देवमन दुपट्टा घरी ठेवून निघाला. बगीच्यात साहेब, एलियास आणि खुशालराव होतेच. देवमन धुऱ्याकडे पाठ करून, सगळ्यांकडे तोंड करून बसला.

"मालक, हात जड नाई त्याचा. म्याच खोटं शिकवलं."

त्यानं काडीवरून डोळा काढला आणि ओठांत धरला. जंबेरीची साल चिरली. डोळा ओठांतून काढून चिरेत बसवला, बांधला.

खुशालरावांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे? माया बगीच्यातले सारे संत्रे तुये उष्टे?"

"हो मालक. माये आन् माया बापाचे. वीस वर्षं गोड लागून राहिले ना?"

साहेबांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. एलियासनं विचारलं, काय झालं. साहेबांनी सांगितलं तसा तो आधी हसला, मग उठला, देवमनाच्या शेजारी मातीत मांडी घालून बसला आणि काडीवरून डोळा काढून ओठांत धरला.

खुशालराव तिथंच उभे. मग त्यांनी झाडावरचं एक संत्रं तोडलं, सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि चावत चावत म्हणाले, "आंबट नाई झालं लेका, अजून तं." अर्धं संत्रं त्यांनी देवमनापुढे केलं. हातातून हातात. देवमनानं घेतलं.

त्या दिवशी एलियासनं एकट्यानं तीस डोळे भरले. जानेवारीच्या एक तारखेला सोपट सोडलं. तीसपैकी सव्वीस हिरवेगार. एलियासनं देवमनाला उचललंच. बडनेऱ्याला गाडीत बसेपर्यंत काड्यांचं ओल्या गोणपाटातलं गाठोडं त्यानं खाली ठेवलं नाही.

पाच वर्षांनी, १९६८ च्या दिवाळीत, पत्र आलं. त्या देशाचं नाव आता टांझानिया झालं होतं. पाकिटावर मराठीत कोणीतरी लिहून दिलेलं 'देवमन' देवमनानं स्वतः वाचलं. गावच्या प्रौढ वर्गात तो तेवढ्यापुरता तरी शिकला होता. आत फोटो होता. फळं धरलेली संत्र्याची झाडं, पुढे मांडी घालून बसलेली वीस-पंचवीस बायामाणसं, मधोमध एलियास. सगळ्यांचे ओठ मिटलेले, आणि प्रत्येकाच्या ओठांतून सालीचं एवढंसं टोक बाहेर आलेलं.

खुशालरावांनी फोटो उन्हात धरून पाहिला. "देवमन, तुयं उष्टं पार समुद्रापलीकडं गेलं रे."

"जाऊ द्या मालक," देवमन म्हणाला. "तिकडंही गोडच लागून राहिलं असंल."

केशरबाईनं तो फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला.

देवमन १९६९ साली, माघी पौर्णिमेच्या दिवशी, वरूडला वारला.