वजनावरची मूठ

"तागडी म्हणते, झालं की हो, मूठ म्हणते, अजून द्या हो."

टाचा उंचावून, हनुवटी फळीवर टेकवून इवलीशी सेलेदोनिया हे गाणं म्हणायची. मग दॉन एवारिस्तो हसायचे आणि मोजून झालेल्या साखरेवर आणखी एक मूठ घालायचे. त्या मुठीला आमच्या पोन्से गावात 'न्यापा' म्हणतात. ती मागायला कुणी लाजत नाही.

मित्रांनो, मी त्यांचंच वाणसामानाचं दुकान, कोपऱ्यावरची एक जुनी इमारत. दोन रस्ते भेटतात तिथे माझी भिंत तिरकी कापलेली आहे. त्या तिरक्या तोंडावर माझं मोठं दार. कुठल्याही रस्त्याने या, ते तुमच्याकडेच बघतं. विटांवर चुन्याचा गिलावा, वर पत्रा, पत्र्याखाली जाड लाकडी तुळया. दारांच्या डोक्यावरच्या कोरीव जाळीतून उकाडा निघून जायचा आणि भाजल्या कॉफीचा वास रस्ताभर हिंडायचा. "आत आलं की जीव निवतो," असं लोक म्हणायचे.

आता एवारिस्तो नाहीत. त्यांच्यामागे मला चालवणारी त्यांची मुलगी एर्मिनिया म्हातारी झाली, एकटी आहे. फुटक्या पत्र्यातून पाणी झिरपलं आणि भिंतीत रोवलेली माझ्या तुळयांची टोकं कुजली. नगरपालिकेचा माणूस सांगून गेला, "दोन्या एर्मिनिया, सोमवारपर्यंत टेकू लावा. नाहीतर पाडावं लागेल."

तिने कुणाला सांगितलं नाही. दुकान देतं, मागत नाही, ही तिच्या घरची रीत. एकटीनेच खोकी रचून तुळईला आधार द्यायला गेली, आणि खोकी कोसळली.

समोरच राहणारी सेलेदोनिया रोज विचारायची, "मिनिया, काही हवंय?"

"काही नको गं. देवाची कृपा आहे."

"तुझी कृपा गळतेय वाटतं. बादली दिसतेय मला."

"धुऊन ठेवलीय ती."

"रोज धुतेस? बादली आहे की नवरी?"

सेलेदोनियाचे दोन्ही मुलगे सुतार. हाकेच्या अंतरावर माझा जीव होता आणि हाक तेवढी निघत नव्हती. मी करकरायचं, चुना गाळायचं. मला दुसरी वाचा नाही. बोल गं बाई, माझ्यासाठी बोल.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर असं गप्प उभं दुकान असेल, तर आत गेल्यावर एकदा मान वर करून तुळईकडे बघा.

रविवारी माझी तुळई बोटभर खचली. चुन्याचं ढेकूळ थेट तागडीत पडलं, पारडं खाली बसलं. एर्मिनिया त्या पारड्याकडे बघत राहिली. मग तिने कित्येक वर्षांनी तिरक्या दाराची दोन्ही कवाडं उघडली. सेलेदोनिया चर्चमधून परतत होती.

"मिनिया, काही हवंय?"

एर्मिनियाने ओंजळ पुढे केली.

"सेले, छप्पर खचतंय. उद्या पाडायला येतायत. पोरांना घेऊन ये. मला एकटीला नाही गं पेलत. जन्मभर घातली मी, आज मला न्यापा घाल."