गळ्याचं बटण

बटण काजाच्या तोंडापर्यंत आलं आणि पुन्हा निसटलं. कडकनं आरशात स्वतःकडे पाहिलं, कामचुकार शिपायाकडे पाहावं तसं.

आज अपील मंजूर झालं तर फायदा काय, ते त्याला तोंडपाठ होतं. अपंगत्वाची पेन्शन सुरू होणार. शिंप्याकडून काज-बटणाचे गठ्ठे आणून बायकोला डोळे फोडावे लागणार नाहीत. आणखी एक लाभ होता, तो त्यानं कुणाला बोलून दाखवला नव्हता. मानेचा मणका नोकरीत मोडला, असं सरकार लिहून देणार होतं. गेल्या वेळी डॉक्टरांनी 'वयोमानानुसार झीज' असं लिहिलं होतं. लष्कराचा ट्रक दरीत गडगडताना आतल्या माणसाचं वय एका दुपारीत किती वाढतं, याचा खुलासा मात्र केला नव्हता. शिवाय खाली शेरा होता: 'पोशाख व्यवस्थित. दैनंदिन कामे स्वतः करू शकतो.'

पोशाख व्यवस्थित असणारच. गल्लीत त्याला कडक म्हणत ते इस्त्रीमुळेच. त्या इस्त्रीच्या आत दोन्ही हातांची बोटं नसा दबून बधिर झाली होती, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. लेकालाही नव्हतं. रोज सकाळी दार लोटून बायको त्याची बटणं लावी, बुटांच्या नाड्या बांधी आणि शेवटी गळ्याच्या बटणाशी येऊन म्हणे, "हनुवटी वर, साहेब." तो हनुवटी वर करी. ती कॉलरवरचा नसलेला दोरा फुंकून उडवी. मग कडक बाहेर पडे तो थेट परेडला निघाल्यासारखा.

वकीलबाईंनी मागच्याच आठवड्यात हात टेकले होते.

"काका, तुम्ही नवरदेवासारखे नटून येता आणि मी सांगायचं, यांची बोटं चालत नाहीत. कोण ऐकेल माझं? या वेळी जरा घरातल्यासारखे या."

"म्हणजे गबाळा येऊ? भीक मागत नाही बाई, हक्काचं मागतोय."

बायको शेजारी बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. ती काहीच बोलली नाही. तेव्हाच त्यानं सावध व्हायला हवं होतं. ती गप्प बसणारी नव्हे.

आणि आज उजाडताच ती पायात चपला सरकवून निघाली.

"ताईचा फोन आला. चक्कर आलीय तिला. शर्ट खुंटीला लावलाय."

"आजच?"

"तिनं काय तुमची तारीख बघून चक्कर घ्यायची?"

आता खालची दोन बटणं लागली होती, त्यातलं एक चुकीच्या काजात. वर छाती उघडी. नाड्या त्यानं बुटांतच कोंबल्या आणि शर्टाच्या कडा मुठीत धरून तो रस्त्याला लागला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नेहमीसारखा सलाम ठोकला, पण हात अर्ध्यावरच राहिला.

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि शर्टाकडे पाहिलं.

"घाई झाली का?"

"हो."

"आता घाई नाही. लावा सावकाश."

वकीलबाई काही बोलायला गेल्या, तर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. कडकनं बटण धरलं. धरलंय की नाही हे कळायला त्याला खाली बघावं लागत होतं, आणि खाली बघितलं की मानेतून खांद्यापर्यंत कळ जात होती. टंकलेखन करणारा कारकून थांबला. नाकाच्या शेंड्यावरून घाम टेबलावर पडला.

"राहू द्या."

"राहू द्या कसं? लागतं ते."

"रोज कोण लावतं?" बाईंनी हळूच विचारलं.

खोट्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण उघड्या छातीवर ते शोभलं नसतं.

"बायको," तो म्हणाला.

निकाल तिथल्या तिथे झाला. इजा सेवेतली. अपील मंजूर.

बाहेर पडतो तर व्हरांड्यातल्या शेवटच्या बाकावर बायको, मांडीवर पिशवी घेऊन.

"ताई?"

"तिला काय धाड भरलीय!" ती उठली. "झालं?"

त्यानं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले, पण हात आधी पुढे झाले. "हनुवटी वर, साहेब."

सवयीनं हनुवटी वर गेली. गळ्याशी कच्चकन आवाज झाला. त्यानं खाली पाहिलं. पिशवीतली छोटी कात्री तिच्या हातात होती, आणि ती काजाच्या कोपऱ्यातला एक टाका कापत होती. टाका निघाला आणि बटण अलगद आत गेलं. मग खालचं काज, मग त्याखालचं.

"वरच्या सगळ्या काजांना घातलास?"

"एकेक टाका."

"माझ्या बोटांवर भरवसा नव्हता?"

"तुमच्या जिद्दीवर नव्हता. तासभर झगडून लावली असतीत. मग त्यांनी लिहिलं असतं, लावतो म्हणून."

"ट्रक खरा होता."

"हो."

"मान खरी आहे."

"मला सांगताय?"

"मग?"

तिनं फरशीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचून मुठीत घेतले.

टाका नसता तर बटण लागलं असतं का? रोज जसं लागत नाही, तसं ते आजही लागलं नसतं. पण आता ते छातीठोक सांगणार कोण?

पेन्शन आली. काज-बटणाचे गठ्ठे बंद झाले. इजा सेवेतली, असं लिहिलेला कागद कडकनं न वाचता ट्रंकेत टाकला. बाजारातून बिनबटणाचे गोल गळ्याचे सदरे आणले, बिननाडीचे जोडे आणले. हल्ली गल्लीतही त्याला कुणी कडक म्हणत नाही.

सरकार महिन्याच्या महिन्याला चुकतं करतं. त्यानं पेन्शनच्या किमतीतला आपला वाटा त्या टेबलापुढे एकरकमी भरला. ती अजून हप्ते फेडतेय. सकाळी तो कपडे घालायला जातो, खोलीचं दार आतून लागतं, आणि ती बाहेर उभी असते, हात मोकळे घेऊन.